मोठ्या सरांची नववी सूचना

आत्मकथन म्हणे दात पडायला लागले की लिहायचं असतं. माझी अक्कलदाढ अजून अर्धीच वर आलीय आणि मी लिहायला बसलेय. कारण असं की, ज्या आवाजाबद्दल मला सांगायचंय तो आवाज आता दोनच जागी उरलाय. एक मायच्या फुटक्या काचेच्या जुन्या मोबाईलमध्ये, आणि दुसरा माझ्या गळ्यात. मोबाईल चार्जिंग धरत नाही. गळ्याचा तर काहीच भरवसा नाही, कारण सेलच्या टेम्पोवर जो स्पीकर फिरतो ना, ‘आइए बहनजी, आखिरी तीन दिन’, तो मीच आहे. वर्षभर आखिरी तीन दिन ओरडून गळ्याची चाळण झालीय. तेव्हा तो आहे तोवर लिहून टाकते.

तर आमच्या वर्गाची दिवाळीची सुट्टी माझ्या मायच्या मोबाईलमधून लागायची. शाळा मराठी माध्यमाची, सुरतेत लिंबायतच्या पुढं. पोरांचे बाप कापडाच्या लूमवर बारा बारा तासांच्या पाळीत, आया घरी साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या. डायरीत लिहिलेली सूचना वाचणार कोण? त्यावर पालकांची सही आणा म्हटलं तर पोरंच सह्या करायची. मी एकटी अकरा बापांच्या सह्या करायचे, त्यातल्या दोन बापांना स्वतःला सही येत नव्हती. हे कळल्यावर मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, सूचना तोंडी द्यायला सुरुवात केली. मोबाईलवर बोलायचं आणि पाठवून द्यायचं. पण पालकांच्या ग्रुपमध्ये यायची त्यांची तयारी नव्हती. नंबर मिळाला की लोक जेवताना फोन करतात, म्हणायचे. म्हणून प्रत्येक वर्गातलं एक घर त्यांनी निवडलं होतं. सर त्या घरी आवाज पाठवणार, ते घर ग्रुपमध्ये पुढं ढकलणार. नववीचं घर आमचं. का, तर माय सातवी पास, दिवसभर घरी, आणि उलट प्रश्न न विचारणारी. त्यामुळं ग्रुपमधल्या एकाही बापाकडं सरांचा नंबर नव्हता. त्यांना सर म्हणजे फक्त आवाज. कागदावर शिक्का मारतात तसा तो आवाज शाळेचा शिक्का होता.

आवाज होताच तसा. आधी दोनदा खोकायचे, अहं अहं, जसं कुणी दार ढकलण्याआधी कडी वाजवतं. मग नाकातून निघालेलं ‘वालीमित्रो’. सर नाशिककडचे, पण इतकी वर्षं सुरतेत काढून पालकांना वाली म्हणायला लागले होते. प्रत्येक सूचनेच्या शेवटी ‘नोंद घ्यावी’, आणि त्यानंतर इतकी लांब शांतता की लोकांना वाटायचं सर आता हजेरी घेतायत. मी सहावीपर्यंत मेहकरला शिकले, तिथं गावात नकला करायला माणसं कमी, म्हशी जास्त. सुरतेत आले तर नुसती मेजवानी. वॉचमन, रिक्षावाले, वाफवलेल्या डाळीचा लोचो विकणारी गाडीवरची काकी, सगळे मी रात्रीच्या जेवणात वाढायचे. पण घरात मागणी असायची मोठ्या सरांना. बाबा म्हणायचे, लाव तुहे सर. मी लावायचे. दोन वर्षं जवळजवळ रोज लावले.

घर म्हणजे एक खोली, वर पत्रा. बाबा लूमवर, म्हणून कानांनी निम्मे गेलेले, म्हणून आमच्याकडं कुणी बोलायचं नाही, सगळे ओरडायचे. ‘भाजीत मीठ कमी हाय’ हेसुद्धा कुणाचा खून झाल्यासारखं सांगावं लागायचं. नवीन पाहुणा उंबऱ्यातच थांबायचा, भांडण मिटू द्यावं म्हणून. खरं भांडण मात्र आमच्याकडं अगदी हळू आवाजात चालायचं. माय हळू बोलायला लागली की मी ताट घेऊन उठायचे. दिवाळीच्या आधी घरात दोन वास असायचे, चकलीच्या तेलाचा आणि साडीच्या डिंकाचा, आणि मायचे हात दोन्हीकडं. एकदा करंजीत टिकली निघाली. बाबांनी ती चावून चावून संपवली, म्हणाले, काजू जरा कडक हाय.

मार हा आमच्या गल्लीत भाजीसारखा रोजचा. नळावर बादल्यांनी मारामारी, पत्त्यांवरून मारामारी, आणि दिवाळी जवळ आली की पोरं डब्याखाली सुतळी बॉम्ब लावायची, डबा तिसऱ्या घराच्या पत्र्यावर पडायचा, की त्यावरून पुन्हा मारामारी. शाळेत मारायचं नाही असा नियम होता. मोठे सर तो नियम इतर शिक्षकांना समजावून सांगायचे आणि स्वतः लाकडी पट्टी ठेवायचे. आडवी नाही, उभी, धारेवर, बोटांच्या हाडांवर. मी नववीत होते त्या वर्षी, दिवाळीच्या परीक्षेच्या आधी, मी पार्टिशनच्या मागून त्यांच्या आवाजात आठवीच्या वर्गाला ‘हात वर करून उभे राहा’ असं सांगितलं आणि विसरून गेले. आठवी अख्खा तास उभी. सरांनी मला दहा पट्ट्या मारल्या. पाचव्या पट्टीला म्हणाले, “हा आवाज कमवायला मला आयुष्य गेलंय, तुला फुकट पाहिजे?” दोन दिवस मला भाकरी मोडता येईना. मायनं भरवली आणि हळू आवाजात म्हणाली, बरं झालं मारलं. मला सर आवडत नव्हते, हे आत्ताच सांगून ठेवते. पुढं वाचताना तुम्हाला वाटेल मी त्यांची आरती करतेय.

पूनम माझ्या बाकावरची. जालन्याकडची, कबड्डीत अशी की पकडली की समोरची पोरगी रडूनच सुटायची. तिचे वडील किसनकाका, बाबांच्याच शेडमध्ये लूमचे फिटर. लूम बंद पडलं की चाळीस माणसं त्यांच्या तोंडाकडं बघायची, आणि ते पाना फिरवून ते चालू करून द्यायचे, त्यामुळं त्यांची मान नेहमी जरा वर. वाईट माणूस नव्हता. रविवारी आम्हा दोघींना लोचो खायला घालायचा, आणि तेल जास्त टाक म्हणून गाडीवरच्या काकीला दम द्यायचा. म्हणून मला ते मधल्या सुट्टीत पूनमनं सांगितलं तेव्हा आधी कळलंच नाही. सामोसा खाता खाता म्हणाली, तुळशीचं लग्न झालं की माझं.

सुरतेत दिवाळीची सुट्टी एकवीस दिवसांची. त्यात तुळशीचं लग्न बसतं, आणि तुळशीच्या मागं माणसांची लग्नं सुरू होतात. आमच्या शाळेत सुट्टीला गेलेल्या पोरींपैकी एखादी तरी परत यायची नाही. दप्तर धाकट्या भावाकडं जायचं, हजेरीत नावापुढं रेघ, आणि बाकावर दुसरी पोरगी. सगळ्यांना माहीत. मी विचारलं, मुलगा कसा आहे?

“ट्रॅक्टर हाय म्हनं.”

“वय किती?”

“कुनाचं, ट्रॅक्टरचं?”

आम्ही दोघी इतक्या हसलो की सामोसा नाकात गेला. मग तिचं हसणं थांबेना, आणि ते हसणं नाही हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. शेवटचा पेपर देऊन त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघायचं होतं. तिला पोलिसात भरती व्हायचं होतं. हे ती असं सांगायची की जणू गणवेश शिवायलाच टाकलाय.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी मी तिला ओढत मोठ्या सरांकडं नेलं. सर प्रगतिपुस्तकांवर सह्या करत होते. ऐकताना पेन थांबलं नाही. मग म्हणाले की मागच्या वर्षी अशाच एका घरी ते बोलायला गेले होते, तर दुसऱ्या दिवशी त्यांची स्कूटर नाल्यात सापडली आणि पोरगी गेली ती गेलीच. शाळा घरात शिरू शकत नाही. पूनम तिथंच उभी. मग त्यांनी एकदा वर बघितलं आणि म्हणाले, सुट्टीच्या सूचनांमध्ये घालतो काहीतरी. पूनम म्हणाली, “सर, नक्की घाला. माझे पप्पा तुमचं ऐकत्यात.” आणि ते खरं होतं. किसनकाका सरांची सूचना लागली की टीव्ही बंद करायचे.

दुपारी सूचना आली. मी आणि पूनम मोबाईलवर डोकं टेकवून ऐकत बसलो. अहं अहं, वालीमित्रो. उद्या पेपरनंतर मैदानात थांबावे. गृहपाठाची वही सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी तपासली जाईल, वही गावी राहिली ही सबब चालणार नाही. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव एक करून आणावं. तापीत आणि कॅनॉलमध्ये पोहायला जाऊ नये. गणवेश धुऊन ठेवावा, उसवला असेल तर शिवून ठेवावा. अशा आठ. आठवी बॉम्बची होती, डब्याखाली लावू नये. नोंद घ्यावी. आणि मग ती लांब शांतता. आम्ही शांतता संपेपर्यंत थांबलो, पुढं काही येईल म्हणून. पूनम उठली, फ्रॉक झटकला आणि घरी सामान बांधायला गेली.

माय तयार साड्या पोचवायला गेली होती. मोबाईल घरी. मी रिकाम्या पाण्याच्या पिंपात तोंड घातलं, कारण सरांच्या ऑफिसात असाच घुमतो आवाज, आणि बोलले. आधी ते स्वतःलाच पाठवलं आणि तिथून ग्रुपमध्ये ढकललं, म्हणजे नेहमीसारखी पुढं पाठवल्याची खूण आली. काय बोलले ते अजून मोबाईलमध्ये आहे: “अहं, अहं. वालीमित्रो. सूचना क्रमांक नऊ, जी घाईत राहून गेली. नववीच्या सर्व मुलींचे सुट्टीत विशेष वर्ग आहेत. एकही मुलगी गावी जाणार नाही. जी जाईल तिच्या वयाचा दाखला तपासायला साहेब घरी येतील. नोंद घ्यावी.”

इथं थांबायला पाहिजे होतं. आज सेलच्या जाहिरातीत सुद्धा मला कळतं कुठं थांबायचं. पण तेव्हा आवाज असा काही लागला होता, पिंपातून स्वतःलाच ऐकून मला इतकं भारी वाटत होतं, की जीभ पुढं गेली. “आणि किसनराव, लूमचा नट किती पिळायचा ते तुम्हाला बरोब्बर कळतं. पोरीचं वय तेवढं बोटांवर मोजून बघा. नवरदेवाचं मोजायला मात्र हाताची पुरायची नाहीत, पायाची पण लागतील.” पाठवून दिलं. पिंपातून तोंड काढलं तेव्हा मी एकटीच हसत होते.

शेडमध्ये काय झालं ते बाबांनी संध्याकाळी सांगितलं, नेहमीच्या मोठ्या आवाजात, गंमत म्हणून. चार वाजता चहाला एक ओळ लूम बंद होती, बाकीची चालू. एकानं मोबाईल पूर्ण आवाजात लावला, कारण तिथं सगळ्यांचेच कान गेलेले. सगळे ऐकायला गोळा झाले. नट पिळायचं आलं तेव्हा किसनकाका पण हसले, म्हणजे आपलं नाव आलंय हे पोचायला त्यांना क्षण लागला. मग चाळीस माणसं हसली. शेजारच्या लूमवाल्यानं चप्पल काढून पाय पुढं केला, म्हणाला, घे किसन, माझी पन बोटं घे. किसनकाकांच्या हातात पाना होता. तो त्यांनी त्याच्या कानावर मारला. कानाचं पाळं फाटलं, तयार ग्रे, म्हणजे कोऱ्या, कापडावर रक्त उडालं, आणि ज्याच्या मोबाईलवर सूचना लागली होती तो मोबाईल त्यांनी चालत्या लूमवर फेकला. बाबा सांगत होते आणि हसत होते, “पन सर बाप्पा कमालच करू रायले, आसं कधी बोलत नाईत.” माय शेव पाडत होती. झारा कढईवर तसाच धरून तिनं आधी मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि हळू आवाजात म्हणाली, “वैशे, तू?”

मी उत्तर देण्याआधी तिसऱ्या घरातून, किसनकाकांच्या, आवाज यायला लागला. गल्लीच्या तोंडाशी पोरं बॉम्ब लावत होती, म्हणून आधी नीट कळेना काय काय वाजतंय. बॉम्ब फुटला की कुत्री ओरडतात, मग शांत होतं. हे शांत होत नव्हतं. एका लयीत चाललेलं. माय झारा घेऊनच धावली, तेल गॅसवर तसंच. मी मागं. दारात माणसं उभी, कुणी आत जाईना. किसनकाकांच्या हातात लूमचा लाकडी दांडा होता आणि ते मारत होते. ओरडत नव्हते. हे मला अजून आठवतं, की ते काम केल्यासारखं मारत होते, मोजून, श्वास घेऊन. पूनमची आई भिंतीला टेकून बसलेली, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त पदरात. पूनम खाली पडलेली नव्हती. उभी होती. डोक्यावर आलेला दांडा तिनं उजव्या हातानं अडवला आणि मनगट मोडल्याचा आवाज आला, सुकी काटकी मोडावी तसा. ती रडली नाही, पुढं झेपावली आणि बापाच्या दंडाला चावली, अशी चावली की दोघं तसेच खोलीभर फिरले. मायनं मध्ये घुसून झारा त्यांच्या हातावर ठेवला, उकळत्या तेलातला झारा. दांडा पडला. पडण्याआधी एक मायच्या खांद्यावर बसला होता.

किसनकाका एकच गोष्ट परत परत विचारत होते, “शाळेत कोनी सांगितलं? तू सांगितलं?” पूनमनं दारात मला बघितलं. हा आवाज कुणाचा हे तिला पहिल्या खोकल्यालाच कळलं असणार, ती माझ्या बाकावर बसायची. नुसतं माझं नाव घेतलं असतं तर तो दांडा माझ्याकडं आला असता. ती तोंडात बापाचं रक्त घेऊन माझ्याकडं बघत राहिली आणि बोलली नाही. तेवढ्या वेळात घरी आमची कढई पेटली होती. बाबांनी पोतं टाकून विझवली. रात्री माय खांद्याला हळद लावत म्हणाली, उद्या सकाळी सरांच्या पाया पड आणि सांगून टाक, त्यांना काहीच माहीत नाही. बाबांना तिनं सांगितलं नाही.

मी नाही सांगितलं. पेपरच्या आधी ऑफिसच्या दारापर्यंत दोनदा गेले. पट्टी टेबलावर दिसली आणि परत फिरले. पेपरात काय लिहिलं देव जाणे. शेजारची जागा रिकामी. पेपर संपल्यावर सगळी शाळा मैदानात बसली, सर माईकवर आले, दोनदा खोकले, आणि फाटकातून किसनकाका आत आले. बरोबर शेडमधली पाच-सहा माणसं, त्यात बाबा, किसनला धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून आलेले. मागं पूनम, हाताला ओढणी गुंडाळलेली, चेहरा काळानिळा. लग्नाचं शाळेत कुणी सांगितलं ते सरांनी तिच्या तोंडावर सांगावं, म्हणून तिला आणलं होतं. किसनकाकांच्या हातात धोटा होता. लूममध्ये धागा इकडून तिकडं नेतो तो, हातभर लाकूड आणि दोन्ही टोकांना लोखंडी चोच. त्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवर सूचना लावली आणि माईकला धरली.

माझा आवाज अख्ख्या मैदानावर गेला. पिंपातून घुमलेला. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. सर शेवटपर्यंत ऐकत उभे होते, मान जरा तिरकी, जसं कुणी आपलाच जुना फोटो बघावा. मग त्यांनी नववीच्या रांगेकडं बघितलं, आणि रांगेत माझ्याकडं. मी मान खाली घातली. दुसरं कुणीतरी अजून माझ्याकडं बघत होतं, ते बाबा. शेडमध्ये लूमच्या खडखडाटात त्यांना ते सर वाटले होते. इथं शांततेत त्यांना कळलं, कारण खऱ्या सरांपेक्षा माझे सर त्यांनी जास्त वेळा ऐकले होते.

किसनकाका म्हणाले, “बोल मास्तर. हा आवाज तुझा हाय का न्हाई?”

सर म्हणाले, “माझाच आहे.”

पहिला फटका जबड्यावर बसला. चष्मा माईकवर आपटला आणि स्पीकरमधून कर्र असा आवाज गेला, सगळ्या पोरांनी कान झाकले. दुसरा तोंडावर. सर गुडघ्यावर आले, मग आडवे. शिक्षक व्हरांड्यातून बघत होते, न्यायला आलेल्या आया पोरांना वर्गांत ओढत होत्या, शिपाई फाटकाला कुलूप लावत होता, म्हणजे जो पळू शकला असता तोही आत. तिसरा, चौथा. धोट्याची चोच लाल झाली. सरांच्या तोंडातून काहीतरी पांढरं मातीत पडलं. बाबांनी किसनकाकांना मागून धरलं, त्यांनी कोपरानं बाबांचं नाक फोडलं. मी रांगेतून उठले होते आणि मला ओरडायचं होतं की मी केलं, मी, पण माझा स्वतःचा आवाजच निघेना. मग जो निघत होता तो काढला.

“अहं, अहं. किसनराव, थांबा.”

धोटा वरच राहिला. किसनकाकांनी खाली सरांच्या तोंडाकडं बघितलं. तिथं तोंड उरलं नव्हतं, रक्त होतं, ओठ हलत नव्हते. आणि त्या तोंडाचा आवाज त्यांच्या पाठीमागून आला होता. ते इतके हळू वळले की मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. भूत बघितल्याची. मी त्याच आवाजात पुढं बोलले, दुसरा येतच नव्हता, “सूचना मी दिली. सरांना माहीत नाही.” वेणी घातलेली पोरगी, आणि आवाज हेडमास्तरांचा. कुणी हसलं नाही. हे माझ्या आयुष्यातलं एकमेव सादरीकरण ज्याला कुणी हसलं नाही.

मग त्यांना कळलं आणि ते माझ्याकडं आले. बाबा मध्ये आले, धोटा त्यांच्या कपाळावर बसला, अजून खूण आहे, टिकलीएवढी. तोवर फाटकावरून चढून आलेला भाजीवाला, शिपाई आणि शेडमधली माणसं अंगावर पडली होती. पूनम एका हातानं बापाचा शर्ट धरून होती, सोडवत होती की मारत होती, मला दिसलं नाही.

पोलिसांनी सरांचा जबाब हॉस्पिटलात घेतला. जबडा तारांनी बांधलेला, म्हणून कागदावर. त्यांनी लिहून दिलं, “आवाज माझा, सूचनाही माझीच. ती पोरगी नकला करते, मैदानातही तिनं नक्कलच केली.” साहेबांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच लिहिलं. सूचना खरी म्हटल्यावर त्यात ज्या पोरीचं वय आलं होतं त्याची चौकशी आली, दाखला आला, ट्रॅक्टरवाल्याच्या घरी फोन गेला. पोलिसाच्या फोनवर ते लोक इतक्या नम्रपणे बोलले की लग्न त्या बोलण्यातच मोडलं. मग समाधान, म्हणजे सुरतेच्या भाषेत तडजोड, झालं, जसं आमच्याकडं होतं. सर तक्रार मागं घेणार, किसनकाकांनी लिहून द्यायचं की पोरगी दहावीला बसेल. त्यांनी सही केली. पण बाहेर येऊन बाबांना म्हणाले, लग्न बी गेलं, आता शाळा बी गेली समजा, कागद काय रोज पोरीला हात धरून नेतो का? गावी गेले नाहीत. एकवीस दिवस पूनमच्या घराचं दार बंद होतं. मी रोज त्यावरून जायचे. आमच्या घरी त्या दिवाळीत जेवताना कुणी सर लावायला सांगितले नाहीत.

खूप नंतर, सर रिटायर झाल्यावर, मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही तेव्हा मैदानात ‘माझाच आहे’ असं का म्हणालात. जबडा वाकडा जुळलाय, बोलणं एका बाजूनं येतं, तो आवाज राहिला नाही. म्हणाले, “एवढ्या लोकांपुढं खरं समजावून सांगायला वेळ लागला असता. हे एका वाक्यात झालं.” आणि मग, “आठ सूचना दिल्या होत्या मी. आठवीत बॉम्ब घातला.”

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. तोंड बंद, गाल सुजलेला, समोर कागद. मी हात पुढं केले, उलटे, हाडं वर, जशी सवय होती. त्यांनी कागद सरकवला. शाळा सुरू होण्याची सूचना होती, वेळ, गणवेश, वह्या, आणि सर्वांत खाली लिहिलेल्यावर त्यांनी बोट ठेवलं: ‘माझ्या आवाजात.’ मायचा मोबाईल टेबलावर ठेवून मी ती वाचली. सहा ओळी. आणि सहावी संपल्यावर, मला शपथ घालून विचारा, मी ठरवलं नव्हतं, पण जीभ पुढं गेली: “नववीच्या मुलींना पहिल्या दिवशी त्यांच्या वडिलांनी स्वतः आणून सोडावं. नोंद घ्यावी.” कागदावर हे नव्हतं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पट्टी शोधली, ती त्यांच्या कोपराशी होती. त्यांनी मोबाईल उचलला, ती ओळ परत एकदा ऐकली आणि तो माझ्या हातात दिला, पाठव म्हणून.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी सर उभे होते, दोन्ही बाजूंनी बाप आणि पोरी. किसनकाका सर्वांत शेवटी आले. हाताला झाऱ्यानं भाजल्याची पट्टी, सरांकडं बघितलं नाही, नमस्कार नाही, माफी नाही. सूचनेतला आवाज आता कुणाचा हे त्यांनाही कळलं असणार, पण आले. सायकलवरून पूनमला उतरवलं, दप्तर दिलं, आणि ती आत जाईपर्यंत तिथंच उभे राहिले, कामाला उशीर झाला तरी. पूनम प्लास्टर गळ्यात अडकवून सरळ माझ्याकडं आली. मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. तिनं डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी बाकावर आडवी पडले. पहिला तास अख्खा माझ्या कानात शेड चालू होतं, बाई काय शिकवतात ते ऐकू येत नव्हतं. ती माझ्याच शेजारी बसली होती. डाव्या हातानं दोन ओळी लिहून बघितल्या, अक्षरं वहीबाहेर गेली. मग तिनं वही माझ्यापुढं आपटली.

“लिही,” म्हणाली.